वर्गणी, पावती आणि सभासदाचा हक्क

आपल्या गावात किती मंडळे आहेत, मोजून पाहा बरे. भजनी मंडळ असेल, तालीम असेल, महिला मंडळ असेल, वाचनालय असेल. ही मंडळे कोण चालवते? गावातलीच माणसे चालवतात. शेतातून आल्यावर, दुकान बंद केल्यावर, घरचे काम आटोपल्यावर ती मंडळाचे काम करतात. त्यांना पगार नसतो. पण काम पगाराशिवाय झाले, तरी खर्च पैशाशिवाय होत नाही. पखवाजाची पुडी बदलावी लागते. तालमीला माती लागते. वाचनालयाला वर्तमानपत्र लागते, विजेचे बिल भरावे लागते. हा पैसा मुख्यतः सभासदांच्या वर्गणीतून येतो.

वर्गणी गोळा करणे हे दिसायला सोपे काम आहे. पण चांगली चांगली मंडळे याच कामात मोडली आहेत. पैसे कोणी खाल्ले म्हणून नव्हे, तर पैसे कोणी दिले आणि कोणी दिले नाहीत हे लिहून ठेवले नाही म्हणून. या पाठात आपण वाचनालयाचे उदाहरण घेऊ आणि हे काम नीट कसे करावे ते पाहू.

वर्गणी, देणगी आणि अनामत

वाचनालयात तीन प्रकारचे पैसे येतात. ते तिन्ही वेगळे आहेत. त्यांची मिसळ करू नये.

वर्गणी म्हणजे सभासदाने दरसाल द्यायचा ठरलेला वाटा. ती दिली की सभासदाला पुस्तक नेण्याचा हक्क मिळतो. सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचाही हक्क मिळतो.

देणगी म्हणजे आपखुशीने दिलेले पैसे. लग्न झाले, मुलगा नोकरीला लागला, म्हणून कोणी हजार रुपये दिले. आनंद आहे. त्यांचे आभार मानावेत, पावती द्यावी. पण तेवढ्याने ते सभासद झाले असे होत नाही. वर्गणी वेगळी, देणगी वेगळी.

अनामत म्हणजे पुस्तकांच्या हमीसाठी ठेवलेले पैसे. सभासद वाचनालय सोडतो तेव्हा पुस्तके परत घेऊन त्याची अनामत त्याला परत द्यायची असते. समजा, ६० सभासदांनी प्रत्येकी ५० रुपये अनामत ठेवली. एकूण ३,००० रुपये झाले. हे पैसे पेटीत आहेत, पण ते वाचनालयाचे नाहीत. ते ६० माणसांचे आहेत. ते खर्च करणे म्हणजे शेजाऱ्याची ठेव मोडणे होय.

वर्ष केव्हा सुरू होते?

वर्गणी एकदा देऊन भागत नाही. वर्ष संपले की ती पुन्हा भरावी लागते. यालाच सभासदत्वाचे नूतनीकरण म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे: सभासदपण पुन्हा नवे करणे.

कोणी म्हणेल, जो ज्या दिवशी सभासद झाला त्या दिवशी त्याचे वर्ष मोजावे. हे न्यायाचे दिसते. पण मग ६० सभासदांच्या ६० तारखा होतात. फुरसतीत काम करणाऱ्या चिटणिसाने त्या कशा सांभाळाव्यात? म्हणून छोट्या मंडळाने सर्वांचे वर्ष एकच ठेवावे. १ एप्रिल ते ३१ मार्च हे वर्ष सोयीचे पडते, कारण हिशेबाचे वर्षही तेच असते.

मग मध्येच आलेल्या सभासदाचे काय? त्याने उरलेल्या महिन्यांचे पैसे द्यावेत. समजा, सालाची वर्गणी १२० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १० रुपये. एक ताई १ ऑक्टोबरला सभासद झाल्या. ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने उरले. ६ गुणिले १० म्हणजे ६० रुपये. पुढच्या एप्रिलपासून त्या सर्वांच्या बरोबरीला आल्या.

थकलेल्या वर्गणीची किंमत

आता थोडे गणित करू. ६० सभासद, प्रत्येकी १२० रुपये. एकूण ७,२०० रुपये यायला हवेत. त्यांतल्या ४५ जणांनी भरले. ४५ गुणिले १२० म्हणजे ५,४०० रुपये आले. १५ जणांचे राहिले. १५ गुणिले १२० म्हणजे १,८०० रुपये थकले.

आता पाहा. वर्तमानपत्राला महिन्याला १५० रुपये लागतात असे धरू. बारा महिन्यांचे १,८०० रुपये झाले. म्हणजे त्या १५ जणांच्या थकबाकीत वाचनालयाचे सालभराचे वर्तमानपत्र गेले. प्रत्येक जण म्हणतो, ‘माझ्या एकट्याच्या १२० रुपयांनी काय अडते?’ पंधरा जण असे म्हणाले की सकाळी येणारे वर्तमानपत्र बंद होते.

गुहेत उतरणाऱ्यांची वर्गणी

ही गोष्ट केवळ आपल्या गावची नाही. मेघालयात चुनखडीच्या डोंगरांत लांबच लांब गुहा आहेत. काही गुहा कित्येक मैल आत जातात. शिलाँगच्या हौशी मंडळींनी १९९० साली एक संस्था काढली. देशातल्या आणि परदेशातल्या सोबत्यांना घेऊन त्यांनी या गुहा शोधल्या, मोजल्या आणि त्यांचे नकाशे काढले. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात गुहेत अडकलेल्या माणसांना सोडवण्यासाठी १९३५ साली एक पथक उभे राहिले. त्यात काम करणारे स्वयंसेवकच होते, आणि आजही स्वयंसेवकच आहेत.

ब्रिटनमध्ये अशी हौशी गुहा-मंडळे पुष्कळ आहेत. दोर झिजला तर नवा घ्यायचा असतो. झिजलेल्या दोरावर माणूस सोडता येत नाही. तो पैसा सभासदांच्या वर्गणीतूनच उभा करावा लागतो. तिथे या मंडळांची एक मध्यवर्ती संस्था आहे. गुहेत उतरणाऱ्या सभासदाच्या वर्गणीतच विम्याचा भाग असतो. वर्गणीचे वर्ष १ जानेवारीला सुरू होते. ज्याने वर्गणी भरली नाही, त्याच्या डोक्यावरचे विम्याचे छत्रही जाते. त्याच्या हातून कोणाला इजा झाली, तर भरपाईचा बोजा त्याच्याच अंगावर येऊ शकतो. म्हणून तिथला चिटणीस वह्या जपून ठेवतो. कोणाची वर्गणी भरलेली आहे आणि कोणाची नाही, हे त्याला नेमके ठाऊक असावे लागते.

आपल्या वाचनालयात कोणी दोरावर लोंबकळत नाही, हे खरे. पण आपल्याही वहीवर माणसाचा एक हक्क लोंबकळत असतो. तो कसा, ते पुढे पाहू.

चार वह्या

वर्गणीच्या कामाला चार वह्या पुरतात.

पहिली, सभासद-नोंदवही. हिच्यात सभासदाचा क्रमांक, नाव, पत्ता, सभासद झाल्याची तारीख आणि सही असते. नावापुढे दर सालाचा एक रकाना असतो. वर्गणी मिळाली की त्या रकान्यात पावतीचा क्रमांक लिहावा. नुसती खूण करू नये. खूण कोणीही करील. पावतीचा क्रमांक पडताळून पाहता येतो.

दुसरी, पावतीपुस्तक. प्रत्येक पावतीला छापील क्रमांक असतो. पावतीचे दोन भाग असतात. एक सभासदाला द्यायचा. दुसरा पुस्तकातच राहतो. त्याला स्थळप्रत म्हणतात. चुकलेली पावती फाडून टाकू नये. तिच्यावर ‘रद्द’ असे लिहून दोन्ही भाग पुस्तकातच ठेवावेत.

तिसरी, रोजकीर्द. त्या त्या दिवशी किती पैसे आले आणि किती गेले, ते हिच्यात लिहितात. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला खर्च, आणि खाली शिल्लक.

चौथे, बँकेचे पासबुक. खाते मंडळाच्या नावाने असावे. कोणा एकाच्या नावाने नसावे. पैसे काढायला दोघांच्या सह्या लागाव्यात.

पावती कशी वाचावी?

पैसे दिल्यावर पावती घ्यावी, आणि घेतली की तिथेच उभे राहून वाचावी. घाई करू नये, लाजू नये. पावतीवर सहा गोष्टी पाहाव्यात:

१. मंडळाचे नाव
२. पावतीचा क्रमांक
३. तारीख
४. आपले नाव
५. रक्कम, आकड्यात आणि अक्षरात. आणि ती कशाबद्दल व कोणत्या सालाची
६. पैसे घेणाऱ्याची सही

रक्कम अक्षरातही का लिहितात? १२० च्या पुढे एक शून्य वाढवले की १,२०० होतात. ‘एकशे वीस’ या शब्दांना मात्र शून्य जोडता येत नाही.

एका सभेची गोष्ट

समजा, एका गावात असे घडले.

गावात वाचनालय होते. वर्गणी ३० एप्रिलपर्यंत भरावी असा नियम होता. मात्र ऊसतोडीला जाणाऱ्यांना ३१ मेपर्यंत सवलत होती. गावातला एक शेतमजूर दरसाल ऊसतोडीला जाई. दिवाळीच्या सुमारास बाहेर पडे, उन्हाळा लागता लागता परत येई. मे महिन्यात बाजारच्या दिवशी त्याला खजिनदार तात्या भेटले. त्याने १२० रुपये त्यांच्या हातावर ठेवले. तात्या म्हणाले, ‘पावतीपुस्तक जवळ नाही. वाचनालयात ये, देतो.’ तो पुढे पेरणीच्या कामाला लागला. पावती राहून गेली.

ऑगस्टमध्ये वार्षिक सभा भरली. नव्या पंचांची निवड होती. मताला हात वर झाले. चिटणिसांनी वही पाहिली आणि म्हणाले, ‘दादा, तुमचा हात खाली घ्या. तुमची वर्गणी थकलेली आहे.’

‘अहो, दिली की मी! तात्यांच्या हातात दिली.’

तात्या गोंधळले. ते म्हणाले, ‘मला आठवत नाही, बाबा. पावती आहे का?’

पावती नव्हती. सभेत कुजबुज झाली. कोणी मजुराकडे पाहू लागले, कोणी तात्यांकडे. एक जण खोटा आहे, एवढे प्रत्येकाच्या मनात आले.

मजूर गेल्या पावसाळ्यापासून साक्षरता वर्गात येत होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, ‘वही दाखवा.’ त्याने बोट ठेवून वाचले. नाव त्याचेच होते. पुढचा रकाना कोरा होता. तो म्हणाला, ‘इथे काही लिहिलेले नाही. पण पैसे कुठे तरी लिहिलेले असतील. बँकेची वही आणा.’

पासबुक आणले. १२ मे रोजी ६०० रुपये भरलेले होते. मग पावतीपुस्तक आणले. त्या आठवड्यातल्या स्थळप्रती मोजल्या. चारच होत्या. ४ गुणिले १२० म्हणजे ४८० रुपये. ६०० वजा ४८० म्हणजे १२० रुपये. पेटीत पावतीशिवायचे १२० रुपये आले होते, आणि ते बँकेतही गेले होते. तात्यांनी एक पैसाही ठेवून घेतला नव्हता. फक्त लिहायचे राहिले होते.

दुसऱ्या कोणी पावतीशिवाय पैसे दिले आहेत का, असे अध्यक्षांनी सभेत विचारले. कोणी उठले नाही. तेव्हा मजुराची वर्गणी मे महिन्यातच मिळाली असे सभेने ठरवले आणि त्याचे मत मोजले. पावती त्याच दिवसाच्या तारखेने फाडली आणि तिच्यावर शेरा लिहिला: ‘रक्कम मे महिन्यात मिळाली, बँकेत भरणा १२ मे.’ मागची तारीख टाकून पावती केली नाही. खोटी तारीख घालून खरी गोष्ट लिहू नये.

आता विचार करा. त्या दिवशी दोन माणसांची अब्रू पणाला लागली होती. गरिबाची लागली, तशी खजिनदाराचीही लागली. दोघेही खरे होते. तरी एका कोऱ्या रकान्यामुळे दोघेही खोटे ठरणार होते. पावती केवळ देणाऱ्याला राखत नाही, घेणाऱ्यालाही राखते. आणि मे महिन्याचा मेळ मे महिन्यातच घातला असता, तर हे १२० रुपये तेव्हाच सापडले असते.

कायदा काय सांगतो?

सात किंवा अधिक माणसे मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवू शकतात. त्या कायद्याचे १५ वे कलम सभासद कोण ते सांगते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे, त्याला त्या कायद्याखालच्या कामकाजात मत देता येत नाही, आणि सभासद म्हणून त्याची मोजणीही होत नाही. वर्गणी भरली की नाही, या प्रश्नावर मताचा हक्क कसा लोंबकळतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

महाराष्ट्रात अशा नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय हे काम पाहते. संस्थेला हिशेब ठेवावे लागतात. पंच बदलले तर ९० दिवसांत तसे कळवावे लागते. वाचनालयांसाठी १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. अनुदान हवे तर वह्या चोख हव्यात.

आठवण कशी द्यावी?

वर्गणी मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, आणि सावकाराचा तगादाही नव्हे. आपल्याच घराच्या खर्चाची आपल्याच माणसाला दिलेली ती आठवण आहे.

फेब्रुवारीत चिटणिसाने नोंदवही पाहून यादी करावी. मार्चमध्ये प्रत्येकाला चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत रक्कम, शेवटची तारीख आणि पैसे कोठे, कोणत्या वेळी भरायचे ते लिहावे. एप्रिलअखेर ज्यांचे राहिले, त्यांच्या घरी जावे. थकलेल्यांची नावे फळ्यावर लिहून चव्हाट्यावर आणू नयेत. ज्याची नाचक्की झाली तो पैसे आणून देत नाही. तो वाचनालयाचा रस्ताच सोडतो.

आणि माणसाची वेळ पाहावी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मार्चमध्ये गावात नसतात. त्यांची पुढच्या सालाची वर्गणी निघण्यापूर्वी घ्यावी, किंवा परत आल्यावर भरण्याची सवलत नियमातच लिहावी. कोणाला एकदम १२० रुपये जड जात असतील, तर ६० रुपयांचे दोन हप्ते करावेत. विधवा बाईला, अपंगाला वर्गणी माफ करायची असेल तर जरूर करावी. पण ती पंचांच्या ठरावाने करावी आणि ठराव वहीत लिहावा. तोंडी माफी ही पुढे भांडणाचे मूळ होते.

मोबाइलवरून वर्गणी

२०१६ पासून यूपीआयने मोबाइलवरून पैसे देता येतात. ऊसतोडीच्या फडावरूनही माणूस वर्गणी पाठवू शकतो. ही सोय चांगली आहे. पण चार गोष्टी पाळाव्यात.

पैसे मंडळाच्या खात्यातच यावेत. खजिनदाराच्या खासगी खात्यात घेऊ नयेत. मोबाइलवर दिसणारे चित्र ही मंडळाची पावती नव्हे. बँकेत पैसे जमा झाल्याचे पाहून पावती फाडावी. पावतीवर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहावा. आणि चौथी गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी: गुप्त आकडा, म्हणजे पिन, पैसे देतानाच टाकायचा असतो. पैसे मिळण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. कोणी ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे म्हणाले, तर तो फसवतो आहे असे समजावे.

महिन्याचा मेळ

महिन्याच्या शेवटी दोघांनी बसावे. एकाने स्थळप्रती वाचाव्यात, दुसऱ्याने रोजकीर्द पाहावी. मग पासबुक आणि पेटीतली शिल्लक पडताळावी. अर्ध्या तासाचे काम आहे. जमलेले पैसे, पावत्यांची बेरीज आणि वहीतला आकडा हे तिन्ही जुळले की दोघांनी सह्या कराव्यात. जुळले नाही, तर का जुळले नाही ते त्याच रात्री शोधावे. आजची चूक आज सापडते. सहा महिन्यांनी ती चूक राहत नाही, संशय होऊन बसते.

सालअखेर हिशेबतपासनिसाकडून हिशेब तपासून घ्यावा आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. सभासदांनीही नुसती मान डोलवू नये. वही मागावी, आपले नाव शोधावे, पुढचा रकाना वाचावा. वाचायला शिकलो ते याचसाठी.

प्रश्न

१. वर्गणी आणि अनामत यांत फरक काय?
२. पावतीवर रक्कम अक्षरात का लिहितात?
३. मजुराने दिलेले १२० रुपये कसे सापडले?
४. वर्गणी किती काळाहून जास्त थकली तर मत देता येत नाही?

करून पाहा

१. सालाची वर्गणी १२० रुपये आहे. एक गृहस्थ १ जानेवारीला सभासद झाले. मार्चअखेरपर्यंतचे किती रुपये द्यावेत?
२. एका महिन्यात ७ पावत्या फाडल्या. प्रत्येक पावती १२० रुपयांची आहे. बँकेत ७२० रुपये भरले. पेटीत किती रुपये शिल्लक असायला हवेत?
३. घरात एखाद्या मंडळाची पावती असेल तर ती आणा. तिच्यावर सहाही गोष्टी आहेत का, ते सोबत्याला वाचून दाखवा.

नवे शब्द

नूतनीकरण – पुन्हा नवे करणे
स्थळप्रत – पावतीपुस्तकात राहणारा भाग
थकबाकी – द्यायचे राहिलेले पैसे
रोजकीर्द – रोजच्या जमाखर्चाची वही
मेळ घालणे – आकडे एकमेकांशी जुळवून पाहणे